पॉलिसी माझी, मोबाईल नंबर मिस्टरांचा

(पत्र पाठवणाऱ्या ताईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी दिलेल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर हे उत्तर आधीच पोचवलं आहे.)

प्रश्न : वय ३४, कोल्हापूरच्या उपनगरात राहते. घरी शिवणकाम करते, महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. मिस्टर शिरोलीच्या फौंड्र्यांना माल पुरवायचे. दोन वर्षांपासून धंदा बसलाय, सावकाराची माणसं दारात येऊन बसतात. सात महिन्यांपूर्वी मिस्टरांचा तालमीतला मित्र, जो विम्याचं काम करतो, घरी आला आणि माझा फोटो, आधार, पॅन घेऊन गेला. ‘कर्जाचं काम आहे, व्हिडिओ कॉलवर विचारतील त्याला हो म्हण’ असं मिस्टर म्हणाले. एक जण येऊन रक्तही काढून गेला. परवा त्यांच्या मोबाईलमध्ये पीडीएफ दिसली. माझ्या नावावर ७५ लाखांचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), वर ५० लाखांचा अपघाती मृत्यूचा रायडर (जोडविमा). धंदा ‘बुटीक’, वार्षिक उत्पन्न ७ लाख. नॉमिनी मिस्टर. गेल्या महिन्यात पहाटे गॅसच्या वासानं जाग आली. शेगडीचं बटण सुरू, खिडक्या बंद, आणि मिस्टर रंकाळ्यावर फिरायला गेलेले. आता म्हणतात, मुलाला आईकडे ठेवू आणि आपण दोघं रात्रीचं बाइकवरून गगनबावड्याला जाऊ. सासूबाईंना थोडं सांगून बघितलं, तर ‘टीव्ही कमी बघ’ म्हणाल्या. मला वेड लागलंय का? पॉलिसी लगेच बंद करून टाकू का? पुढचा हप्ता ५ तारखेला जातो, तो जाऊ द्यायचा का? मुलगा ९ वर्षांचा आहे, माहेर गडहिंग्लजला.

उत्तर :

ताई, गगनबावड्याला जाऊ नका. पाठ धरलीय, पाळी आलीय, मुलाला ताप आहे, काहीही सांगा. पण त्यांच्याबरोबर एकट्यानं घाटात, धरणावर, नदीकाठी किंवा रात्रीच्या बाइकवर जायचं नाही. उत्तराचा पुढचा भाग सावकाश वाचला तरी चालेल.

वेड लागलंय का, तर नाही. पण नवरा खुनी आहे हे ठरवायचं कामही तुमचं नाही. नुसती पॉलिसी कशाचाच पुरावा नसते. मार्चमध्ये टार्गेट भरायला घरच्या बायकांच्या नावावर पॉलिसी काढून देणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. फायनान्स कंपन्या कर्जाबरोबर नवरा-बायको दोघांचा विमा गळ्यात मारतात. घरकाम करणाऱ्या बाईचाही मोठा विमा असू शकतो, त्यात पाप काही नाही. तुमच्या बाबतीत खटकतं ते वेगळं आहे. वर्षाला लाखभर कमावणाऱ्या बाईचं उत्पन्न सातपट फुगवलंय. विमा कंपनी उत्पन्न बघूनच रक्कम ठरवते, म्हणजे ७५ लाख मिळावेत म्हणून कोणीतरी ७ लाखांचा आकडा मुद्दाम घातला. दारात सावकार असताना हप्ता मात्र वेळेवर जातोय. नैसर्गिक मृत्यूला ७५ लाख आणि अपघाताला सव्वा कोटी, अशी रचना आहे. कशासाठी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि त्यानंतर गॅस. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी असू शकते. पाचही एकत्र आल्या की आधी सुरक्षित जागी जायचं आणि खुलासा तिथून मागायचा.

‘पॉलिसी लगेच बंद करू का’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच एका ओळीत आहे. तुम्ही लिहिलंय, ‘नॉमिनी मिस्टर’. विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नॉमिनी नेमता येतो तो स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत. नवरा स्वतः प्रस्तावक असता, म्हणजे पॉलिसी त्यांच्या मालकीची आणि जीव फक्त तुमचा असता, तर नॉमिनीचा रकानाच लागला नसता, पैसे थेट मालकाला गेले असते. त्यामुळे बहुधा ‘प्रस्तावक’ आणि ‘विमित व्यक्ती’ या दोन्ही ठिकाणी तुमचंच नाव असेल. पीडीएफच्या पहिल्या दोन-तीन पानांवर ते दिसतं, संधी मिळाली तर तेवढंच बघा. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो यावर मालकी ठरत नाही. पॉलिसी तुमची असेल तर नॉमिनी बदलणं, रायडर काढणं, पॉलिसी बंद करणं, सगळं तुमच्या एका सहीवर होतं आणि नवऱ्याची संमती लागत नाही.

मग अडचण कुठे? मोबाईल नंबर आणि ईमेल त्यांचा आहे. ओटीपी त्यांच्याकडे गेले म्हणूनच तुम्हाला सात महिने पत्ता नव्हता. तुम्ही शाखेत जाऊन नॉमिनी बदललात की मेसेज त्यांच्या फोनवर वाजणार. नंबर बदलायला गेलात तरी जुन्या नंबरवर कळवलं जाऊ शकतं. म्हणजे घरात असताना कागदाला हात लावणं हे त्यांना ‘मला कळलंय’ असं सांगण्यासारखंच आहे. पॉलिसी रद्द झाली म्हणून सावकाराचं देणं मिटत नाही, उलट माणूस बिथरतो. क्रम असा ठेवा : आधी घराबाहेर, मग पोलीस ठाण्यात कागद, आणि मग विमा कंपनी. मधल्या काळात त्या तालमीतल्या मित्राला एक शब्दही विचारू नका. तो कटात असेल असं नव्हे, पण विचारलेलं संध्याकाळपर्यंत मिस्टरांच्या कानावर जाईल.

घर सोडताना भांडण नको, जाहीर निरोप नको. आईची डोळ्यांची तपासणी, भावकीतला कार्यक्रम, असं रोजचं कारण पुरे. भावाला दिवसा गाडी घेऊन बोलवा आणि मुलाला बरोबरच न्या, ‘दोन दिवसांनी आणते’ म्हणून मागे ठेवू नका. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, पासबुकं, नेहमीची औषधं आणि तुमचे दागिने एका पिशवीत बसतात. पिशवी आधीच भरून दारामागे ठेवू नका. कागद थोडे थोडे करून मैत्रिणीकडे पोचवा. मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांना लेखी द्या, की तुमच्याशिवाय मुलाला कोणाकडे सोडायचं नाही. वडिलांनाही हक्क असतो म्हणून शाळा काचकूच करेल. पत्राची पोच तरी घ्या. न्यायालयाचा आदेश आला की त्याची प्रत त्याच पत्राला जोडता येते.

माहेरी पोचल्यावर एक नियम कडक पाळा : समजूत काढायला म्हणून जावई रात्रीचे राहायला येणार नाहीत. केरळात कोल्लम जिल्ह्यातलं २०२० चं प्रकरण आठवत असेल. नवऱ्यानं बायकोला आधी सासरी विषारी साप चावेल असं घडवून आणलं. ती वाचली, उपचार घेऊन माहेरी आली, आणि तिथेच, तो मुक्कामाला असताना, दुसऱ्या सापानं तिचा जीव गेला. २०२१ मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली. तिथे हाव विम्याची नव्हती, दागिने आणि पैशांची होती. पण पहिला प्रकार ‘अपघात’ म्हणून सोडून दिला गेला, हे तुमच्या गॅससाठी लक्षात घ्या.

तोपर्यंत जितके दिवस घरात आहात तितके दिवस : रात्री झोपताना रेग्युलेटर स्वतःच्या हातानं बंद करा, नुसतं शेगडीचं बटण नव्हे. स्वयंपाकघराची एक खिडकी उघडी ठेवा. पुन्हा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीच करू नका. मुलाला घेऊन बाहेर या आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. हा गॅसगळतीचा चोवीस तास चालणारा नंबर आहे आणि तिथे तक्रारीची नोंद होते. ती नोंद पुढे कामाची आहे. तब्येत अचानक बिघडली, पडलात, भाजलं, तर थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा आणि अपघात विभागातल्या डॉक्टरांना नवरा बाजूला नसताना सांगा की ‘मला शंका आहे, एमएलसी करा’. मेडिको-लीगल केस नोंदवली की रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं आणि कागद तयार होतो. घरगुती उपचार किंवा ओळखीचा दवाखाना यातून तो होत नाही.

मोबाईलबद्दल. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा, तुमचे मेसेज दुसऱ्या कुठल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर दिसतायत का. तुमचं गूगल खातं मिस्टरांनी सुरू करून दिलं असेल तर फोटो आणि लोकेशन त्यांना दिसू शकतं. म्हणून पीडीएफचे फोटो तुमच्या फोनवर ठेवण्यापेक्षा मैत्रिणीच्या फोननं काढलेले बरे. हाती फक्त पाच मिनिटं असतील तर पॉलिसी क्रमांक, कंपनीचं नाव आणि सुरू झाल्याची तारीख कागदावर उतरून घ्या, एवढ्यावर काम भागतं. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे ज्या फोनवर फोटो किंवा रेकॉर्डिंग आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

आणि वहीत लिहा. गॅसचा वास आला तो दिवस, वेळ, कोणती खिडकी बंद होती, मिस्टर किती वाजता बाहेर पडले होते, परत आल्यावर काय म्हणाले. गगनबावड्याचा विषय किती वेळा आणि कोणत्या शब्दांत निघाला. सावकाराची माणसं कधी आली. ‘मला वाटतं ते मला मारणार’ हे वाक्य कमी वेळा आणि घडलेलं जास्त, असं लिहा. सही, तारीख घालून वही भावाकडे ठेवा. त्याच अधिनियमाच्या कलम २६ नुसार, माणसाचा मृत्यू ज्या परिस्थितीत झाला त्याबद्दल त्यानं आधी लिहून ठेवलेलं न्यायालयात ग्राह्य धरता येतं. ऐकायला अशुभ वाटेल, पण या वहीचं वजन तुमच्या हयातीतही आहे, कारण ठाणे अंमलदार पहिला प्रश्न ‘नक्की कधी?’ हाच विचारतो.

पोलीस ठाणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, म्हणजे गडहिंग्लजमधूनही. तोंडी सांगून परत येऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. बऱ्याचदा ‘नवरा-बायकोचं आहे, एनसी करून घ्या’ म्हणतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर तपास आपोआप सुरू होत नाही. अर्जात साधा घरगुती वाद दिसला तर एनसीच होणार, म्हणून पहिल्याच परिच्छेदात तीन गोष्टी सलग मांडा : मला न सांगता, खोट्या उत्पन्नावर माझा सव्वा कोटीपर्यंतचा विमा; त्यानंतर गॅसचा प्रकार; आणि आता रात्री एकटीला घाटात नेण्याचा आग्रह. फसवणूक, गुन्हेगारी कट आणि खुनाचा प्रयत्न या दृष्टीनं तपास करावा, अशी मागणी करा. भारतीय न्याय संहितेत त्यांची कलमं अनुक्रमे ३१८, ६१ आणि १०९ आहेत. कोणतं लावायचं ते पोलीस ठरवतील, पुरावा कमी पडला तर सगळी लागणारही नाहीत. दाद दिली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं, आणि त्यानंतर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ (३) खाली. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

एक सावधगिरी : दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन करू, असा प्रस्ताव येईल. हेतू चांगला असतो, एरवीच्या भांडणात उपयोगही होतो. इथे नको म्हणा. तुम्हाला काय काय माहीत आहे ते त्या टेबलावर त्यांना आयतं कळेल.

पोलिसांबरोबरच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करा. फौजदारी तपास रेंगाळला तरी हा मार्ग चालू राहतो. कलम १८ चा संरक्षण आदेश मिळाला की त्यांना तुमच्याजवळ येण्याला, फोन करण्याला बंदी घालता येते. तातडी असेल तर कलम २३ खाली त्यांना ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होतो. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची आहे, प्रत्यक्षात थोडी पुढे-मागे होते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाचा तात्पुरता ताबा याच अर्जात कलम २१ खाली मागा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला मदतीसाठी १८१. जिवावर बेतलं तर ११२, तिथे आधी पत्ता सांगायचा आणि हकीकत नंतर.

आता विमा कंपनी. तुमच्या शब्दावर खोटं उत्पन्न गेलंय, हे आधी मान्य करून टाका. कॉलवर तुम्ही ‘हो’ म्हटलंय, त्याचं रेकॉर्डिंग कंपनीकडे असेल. म्हणून शाखेत जाताना तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं पत्र न्या : प्रस्तावातलं उत्पन्न आणि व्यवसाय खोटा आहे, तो मी भरलेला नाही, मला ‘कर्जाचं काम’ असं सांगितलं होतं, मोबाईल आणि ईमेल माझा नाही, माझ्या जिवाला धोका असल्याची तक्रार अमुक ठाण्यात अमुक तारखेला दिली आहे. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो जोडा. पत्र फाइलला लागलं की पुढे कोणीही क्लेम घेऊन आलं तरी ते पहिलं वर येतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार. महिनाभर दाद लागली नाही तर विमा लोकपाल, आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहेत.

नॉमिनी बदलताना लोक हमखास चुकतात ते इथे. भावाचं नाव घालू नका. विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा किंवा बायको आणि मुलं यांना नॉमिनी केलं तर त्यांना पैशावर स्वतःचा हक्क मिळतो. भाऊ त्या यादीत नाही. तो पैसे फक्त वारसांसाठी हातात घेतो, आणि हिंदू स्त्रीचे पहिले वारस मुलं आणि नवरा. म्हणजे फिरून तिथेच. मुलाचं नाव घातलंत तर तो अज्ञान असल्यामुळे ‘नियुक्त व्यक्ती’ विचारतील, तिथे सवयीनं वडिलांचं नाव जातं आणि पैसे त्यांच्याच हातात पडतात. आईला नॉमिनी करा, किंवा मुलाला करून आईला नियुक्त व्यक्ती. जोडीला दोन साक्षीदारांच्या सहीचं मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेचं पासबुकही उघडून बघा : वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती किंवा सुरक्षा विमा आहे, प्रत्येकी २ लाखांचा, आणि त्यांनाही नॉमिनी असतो. क्रेडिट ब्यूरोचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुमच्या नावावर न सांगता घेतलेलं कर्ज असेल तर त्यात कळेल, आणि अशा कर्जाला चिकटून अनेकदा आणखी एक विमा असतो.

मैत्रिणी म्हणतील, ‘खून करून विम्याचे पैसे मिळत नसतात, एवढं त्याला कळत असेल की.’ पैसे मिळत नाहीत हे खरं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणारा वारस होऊ शकत नाही. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर कंपन्या क्लेम उकरून बघतात : शेजारी, दवाखाना, बँक, एजंट, प्रस्तावातला प्रत्येक आकडा. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे खोट्या माहितीचं कारण कंपनीला देता येत नाही, पण खून करणाऱ्याला ते कलम वाचवत नाही. २०२१ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राजूरला एकानं दुसऱ्याच माणसाला सर्पदंशानं मारून स्वतःचा मृत्यू दाखवला होता. अमेरिकेतल्या विमा कंपनीनं खात्री करायला माणसं पाठवली आणि सगळं उघडं पडलं. पण तो उघडा पडेपर्यंत एक निरपराध माणूस गेलाच. सावकारानं गळ्याशी आणलेला माणूस कलमं वाचून बेत करत नाही. त्याच्या हिशेबावर तुमची सुरक्षितता टांगू नका.

सावकारीचंही एक. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार होते. ती मिस्टरांनी करायची आहे. त्यांना हा रस्ता तुमच्या भावानं नव्हे, त्यांच्याकडच्या एखाद्या वडीलधाऱ्यानं सुचवावा, आणि तोही तुम्ही गडहिंग्लजला पोचल्यावर.

राहिला ५ तारखेचा हप्ता. घरात असाल तोवर त्यात हात घालू नका, खातं त्यांचं आहे, जाऊ दे. बाहेर पडल्यावर कंपनीला पॉलिसी बंद करण्याचं लेखी द्या. टर्म प्लॅनला बंद करताना सहसा काही परत मिळत नाही, त्याची हळहळ नको. ७ लाखांच्या खोट्या आकड्यावर उभी असलेली ही पॉलिसी तशीही तुमच्या मुलाच्या कामी आली नसती. फक्त नॉमिनी बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी, बंद करण्याच्या अर्जाच्या आधी द्या आणि दोन्हींची पोच वेगवेगळी घ्या. कारण मासिक हप्ता थांबला तरी १५ दिवसांच्या सवलतीत विमा चालूच असतो, हप्ता तिमाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवस, आणि त्या दिवसांत कागदावर नॉमिनी कोण आहे याला अर्थ असतो.